एक चिप, अनेक उपकरणं: डिव्हाइस ट्रीमध्ये बहुकार्यी चिप कशी लिहायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नवीन बोर्डवर लिनक्स उभं करताना प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी अशी एक चिप येते, जी एकटीच चार-पाच कामं सांभाळते. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवर काय काय जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, तिचा नोड (तिच्या वर्णनाचा भाग) लिहायला बसलं की पहिल्या अर्ध्या तासातच प्रश्न सुरू होतात. माझ्या टीममध्ये नवे आलेले इंजिनियर दरवर्षी जे प्रश्न घेऊन येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. कर्नल कम्पाइल करता येतो आणि डिव्हाइस ट्रीची फाइल एकदा तरी उघडून पाहिली आहे, एवढं गृहीत धरलं आहे. वाचायला सोपं जावं म्हणून प्रॉपर्टींची नावं देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये अर्थातच ती रोमन लिपीत लिहायची.

बहुकार्यी चिप म्हणजे नेमकी कसली चिप?

उदाहरण घेऊनच बोलू. बीगलबोन ब्लॅक हा २०१३ साली आलेला बोर्ड अनेकांनी हाताळलेला असतो. त्याच्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीएस६५२१७ ही वीजपुरवठा सांभाळणारी चिप आहे. आकाराने बोटाच्या नखापेक्षा लहान, पण तिच्या पोटात तीन डीसीडीसी कन्व्हर्टर आणि चार एलडीओ (दोन्ही व्होल्टेज रेग्युलेटरचेच प्रकार), लिथियम बॅटरीचा चार्जर, पॉवर बटणाचं सर्किट आणि स्क्रीनच्या बॅकलाइटचा एलईडी ड्रायव्हर एवढं सगळं भरलेलं आहे. प्रोसेसर तिच्याशी बोलतो तो आय-टू-सी बसच्या दोन तारांवरून, आणि तिचा पत्ता एकच: हेक्समधला २४. चिपला काही सांगायचं असेल तर इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधून घेणारी, एक तार वेगळी आहे. बस्स.

आता हेच कर्नलच्या बाजूने बघा. व्होल्टेज रेग्युलेटर सबसिस्टिमकडे, चार्जर पॉवर सप्लायकडे, बटण इनपुटकडे आणि बॅकलाइट बॅकलाइटकडे. चिप एक, पण तिला चार घरी नांदायचं आहे. या चौघांनी एकाच पत्त्यावर, एकाच रजिस्टर-संचावर एकमेकांच्या पायात न येता काम करायचं, ही खरी अडचण. कर्नलमधली एमएफडी (मल्टी-फंक्शन डिव्हाइस) सबसिस्टिम त्यासाठीच आहे.

बोर्डवर काय बसवलंय ते कर्नलला आपणहून कळत नाही का?

पीसीआय आणि यूएसबीवर कळतं, कारण तिथे प्रत्येक उपकरण विचारल्यावर आपली ओळख सांगतं. आय-टू-सी आणि एसपीआयवर अशी सोय नाही. हेक्स २४ या पत्त्यावरून उत्तर आलं तर तिथे कोणीतरी आहे एवढंच समजतं. ते कोण, आणि त्याचे सात व्होल्टेज बोर्डवर कुठे कुठे गेलेत, हे बोर्ड काढणाऱ्यालाच माहीत असतं.

पूर्वी ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेतल्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायचे. एआरएमच्या कर्नलमध्ये अशा फाइलींचा इतका ढीग झाला की मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी उघड नाराजी व्यक्त केली, आणि त्यानंतर एआरएम झपाट्याने डिव्हाइस ट्रीकडे वळलं. मूळ कल्पना मात्र बरीच जुनी आहे. सन कंपनीच्या मशिनांमधल्या फर्मवेअरमधून ती आली, १९९४ मध्ये आयईईई १२७५ या मानकात बसली आणि पुढे पॉवरपीसीमार्गे लिनक्समध्ये रुजली.

“डिव्हाइस ट्री हार्डवेअरचं वर्णन करते, ड्रायव्हरचं नाही” असं सारखं सांगतात. प्रत्यक्षात फरक काय पडतो?

बहुकार्यी चिपच्या बाबतीत सगळा फरक इथेच पडतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

नवखा माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. कर्नलमध्ये या चिपसाठी पाच ड्रायव्हर दिसले, म्हणून चिपच्या मुख्य (पॅरेंट) नोडच्या पोटात पाच चाइल्ड नोड. उद्या कोणी त्यातले दोन ड्रायव्हर एकत्र केले किंवा एकाचे दोन केले, तर तुमचा बोर्ड बदलला का? स्कीमॅटिकमधली एक तरी तार हलली का? नाही. मग वर्णन का बदलावं?

शिवाय ही फाइल एकटं लिनक्स वाचत नाही. यू-बूट हे बूटलोडर वाचतं, फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम वाचते. त्यांच्याकडे लिनक्सची ‘एमएफडी’ सबसिस्टिम नाही. तो शब्द लिनक्सच्या घरातला आहे. बाइंडिंगच्या (कुठल्या चिपचा नोड कसा लिहायचा हे ठरवणाऱ्या कागदपत्रांच्या) फोल्डरांमध्ये ‘एमएफडी’ नावाचा एक फोल्डर आहे खरा, पण ती कागदपत्रं लावून ठेवायची सोय आहे. तुमच्या नोडमध्ये ‘ही एमएफडी आहे’ असं कुठेही लिहायचं नसतं. (‘सिंपल-एमएफडी’ या शब्दाबद्दल पुढे येतंच.)

आणखी एक गोष्ट. एकदा बाहेर पडलेलं बाइंडिंग हा करार असतो. जुन्या डीटीबी फाइलवर (डिव्हाइस ट्रीच्या कम्पाइल केलेल्या रूपावर) नवा कर्नल बूट व्हायला हवा, अशी अपेक्षा असते. आज ड्रायव्हरच्या सोयीने टाकलेला नोड पुढची कित्येक वर्षं गळ्यात पडतो. म्हणून नोड लिहायला बसताना डाव्या हाताला डेटाशीट आणि उजव्या हाताला स्कीमॅटिक ठेवा. ड्रायव्हरचा कोड त्या वेळी बंद असलेला बरा.

मग चाइल्ड नोड द्यायचा कधी आणि पॅरेंटमध्येच प्रॉपर्टी लिहायची कधी?

मी स्वतःला चार गोष्टी विचारतो. चिपच्या या भागाला स्वतःचं काही आहे का, म्हणजे स्वतःचा इंटरप्ट, क्लॉक, वीजपुरवठा किंवा रजिस्टरांचा स्वतंत्र पट्टा? बोर्डवरच्या दुसऱ्या कुणाला याच भागाकडे बोट दाखवावं लागतं का? हाच भाग दुसऱ्या चिपमध्येही जसाच्या तसा येतो का? आणि बोर्ड बनवणारा हा भाग न जोडता तसाच सोडून देऊ शकतो का? एखाद्याचं उत्तर ठाम ‘हो’ आलं तर चाइल्ड नोडला आधार आहे. चारही ‘नाही’ आली तर नोड देऊ नका.

टीपीएस६५२१७ला हे लावून पाहू. रेग्युलेटरना नोड हवेतच, कारण प्रत्येक आउटपुट ही बोर्डवरची खरीखुरी तार आहे. एक मेमरीला जाते, एक प्रोसेसरच्या कोअरला जाते, आणि प्रत्येकीची व्होल्टेजची मर्यादा बोर्डानुसार ठरते. चार्जरचे दोन इंटरप्ट आहेत, यूएसबीचा आणि एसी अडॅप्टरचा. शिवाय बॅटरी जोडायची की नाही हे बोर्ड बनवणारा ठरवतो, त्यामुळे त्याला नोड. पॉवर बटणाचंही तसंच.

आता रॉकचिपची आरके८०८ घ्या. तिच्यात चार डीसीडीसी, आठ एलडीओ, दोन स्विच, घड्याळ आणि ३२ किलोहर्ट्‌झचे क्लॉक आउटपुट आहेत. रेग्युलेटरना नोड आहेत. घड्याळाला म्हणजे आरटीसीला मात्र वेगळा नोडच नाही! चिप आहे म्हटल्यावर आरटीसी असणारच. त्याच्याबद्दल बोर्डनिहाय सांगण्यासारखं काही उरत नाही. क्लॉक आउटपुटलाही नोड नाही. पॅरेंट नोडमध्येच ‘क्लॉक-सेल्स’ ही प्रॉपर्टी लिहिली की चिप स्वतःच क्लॉक पुरवणारी ठरते, आणि वाय-फायच्या नोडला थेट तिच्याकडे बोट दाखवता येतं. कर्नलमध्ये आरटीसी आणि क्लॉकचे ड्रायव्हर वेगवेगळे आहेत, तरी ट्रीमध्ये त्याची खूण नाही. मला हे बाइंडिंग नीटस वाटतं, आणि नव्या माणसाला मी पहिल्यांदा हेच वाचायला देतो.

जीपीआयओ (सामान्य वापराच्या पिना), क्लॉक, रिसेट पुरवणाऱ्या भागांबाबत नियम असाच: पॅरेंटच पुरवठादार होऊ शकत असेल तर होऊ द्या. नुसती कम्पॅटिबलची (उपकरणाचं ओळखीचं नाव, ज्यावरून ड्रायव्हर जुळतो) एक ओळ असलेला रिकामा चाइल्ड नोड दिसला की मेंटेनर पहिला प्रश्न त्याच्यावरच विचारतात.

टीपीएस६५२१७चा नोड वरपासून खालपर्यंत कसा दिसतो?

आय-टू-सी शून्य या बसच्या पोटात ‘टीपीएस@२४’ असा नोड उघडतो. ‘@’च्या पुढचा आकडा आणि ‘रेग’ या प्रॉपर्टीतला पत्ता एकच असला पाहिजे. आज नवा नोड लिहिणार असाल तर नाव चिपचं न देता कामाचं द्या, म्हणजे ‘पीएमआयसी@२४’ (पीएमआयसी म्हणजे वीजपुरवठा सांभाळणारी चिप). पुढे कम्पॅटिबल: आधी उत्पादकाचा उपसर्ग, स्वल्पविराम, मग चिपचं पूर्ण नाव. त्यानंतर इंटरप्ट. बीगलबोनवर ही तार प्रोसेसरच्या एनएमआय पिनला गेली आहे, क्रमांक ७. लगेच खाली ‘इंटरप्ट-कंट्रोलर’ ही बिनकिमतीची प्रॉपर्टी आणि ‘इंटरप्ट-सेल्स’ची किंमत १, म्हणजे एक इंटरप्ट सांगायला एकच आकडा.

मग पोटातले नोड. ‘चार्जर’ला इंटरप्ट ० आणि १, ‘पॉवर बटण’ला २. हे दोन्ही चिपच्या सामायिक फाइलमध्ये ‘स्टेटस’ डिसेबल्ड ठेवून लिहिलेले आहेत, आणि बोर्डाच्या फाइलमध्ये ते ‘ओके’ केले जातात. या पद्धतीमुळे तीच सामायिक फाइल दुसऱ्या बोर्डालाही वापरता येते. शेवटी ‘रेग्युलेटर्स’ नावाचा डबा आणि त्यात सात रेग्युलेटर, प्रत्येकाला आपली किमान आणि कमाल व्होल्टेज मर्यादा. मर्यादा मायक्रोव्होल्टमध्ये लिहितात. कोअरच्या पुरवठ्याची कमाल मर्यादा ११५०००० अशी दिसते, ती म्हणजे १.१५ व्होल्ट. शून्यं मोजताना घाई करू नका. एक शून्य जास्त पडलं तर फाइल काही बोलत नाही.

पॅरेंट स्वतःच इंटरप्ट कंट्रोलर कसा काय होतो?

बाहेर तार एक, आत कारणं अनेक. चार्जर लावला, बटण दाबलं, काहीही झालं तरी चिप तीच तार खाली खेचते. प्रोसेसर मग आय-टू-सीवरून स्थितीचं रजिस्टर वाचतो, कुठला बिट उठलाय ते पाहतो आणि ज्याचा त्याला निरोप देतो. हे वाटप म्हणजेच इंटरप्ट कंट्रोलरचं काम. कर्नलमध्ये बऱ्याच चिपसाठी रेगमॅपचा (रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याच्या सामायिक यंत्रणेचा) इंटरप्ट विभाग ते करून देतो. ट्रीमध्ये तुम्ही फक्त कुणाचा क्रमांक कोणता तेवढं लिहायचं.

इथे एका जागी फार लोक अडकतात. मीही अडकलो होतो. बोर्ड दुसरा होता, तिथल्या इंटरप्टला प्रकार लिहावा लागे, आणि फाइलमध्ये ‘फॉलिंग एज’ लिहिलेलं होतं. पॉवर बटण चालायचं. दहा वेळा, वीस वेळा चालायचं, आणि मग चार्जर काढ-घाल करताना एकदम मुकं व्हायचं. रिबूट केलं की परत ठीक. शेवटी ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ समोर ठेवून बटण दाबत बसलो, तर आकडा ४१वर थांबलेला, हलायचं नाव नाही. मल्टिमीटर लावला तर इंटरप्टची तार शून्य व्होल्टवर खिळलेली.

कारण सरळ होतं. ड्रायव्हरने स्थिती वाचली, आणि ती पुसण्याआधी दुसरं कारण उपटलं. त्यामुळे तार वर गेलीच नाही, आणि वर गेली नाही म्हणजे नवी उतरती कड कुठून येणार? कडेची वाट पाहणारा कर्नल कायमचा वाट पाहत बसला. प्रकार ‘लेव्हल लो’ केल्यावर दोष गेला, कारण तार खाली असेपर्यंत कर्नल पुन्हा पुन्हा विचारत राहतो. अनेक कारणं एका तारेवर आणणाऱ्या चिपच्या डेटाशीटमध्ये ‘कारण पुसेपर्यंत तार खाली राहते’ असं वाक्य दिसलं की लेव्हलच लिहा.

कर्नल एका नोडची अनेक उपकरणं करतो कशी?

आय-टू-सीचा नोड दिसला की कम्पॅटिबल जुळवून पॅरेंट ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन (उपकरण सुरू करून देणारं) चालतं. ते चिपचा ओळख-क्रमांक वाचतं, रेगमॅप तयार करतं, इंटरप्टचं वाटप उभं करतं आणि मग ‘सेल’ची यादी एमएफडीच्या गाभ्याकडे सोपवतं. एक सेल म्हणजे एक पोट-उपकरण. प्रत्येकाचं एकेक प्लॅटफॉर्म डिव्हाइस बनतं, आणि त्याला ज्याचा त्याचा ड्रायव्हर येऊन भिडतो.

सेलमध्ये कम्पॅटिबल दिलेलं असेल तर गाभा ट्रीमध्ये तसा चाइल्ड नोड शोधून त्याला जोडतो. दिलेलं नसेल तर त्या उपकरणाला स्वतःचा नोड मिळत नाही, आणि ड्रायव्हर पॅरेंटच्या नोडमध्ये डोकावून हवी ती माहिती घेतो. आरके८०८चं बरंचसं असंच चालतं. कम्पॅटिबल दिलंय पण नोडच सापडला नाही, तर नोड न सापडल्याची ताकीद लॉगमध्ये येते. नोड सापडला पण ‘स्टेटस’ डिसेबल्ड असेल, तर ते उपकरण काहीही न बोलता गाळलं जातं. ‘लॉगमध्ये एक ओळही नाही’ अशी तक्रार आली की मी आधी स्टेटस बघतो.

‘सिंपल-एमएफडी’ लिहिलं की हे सगळं आपोआप होतं म्हणे?

सगळ्यांत जास्त गैरसमज याच शब्दाभोवती आहे.

‘सिंपल-एमएफडी’चा अर्थ एवढाच: या नोडच्या पोटातले नोड स्वतंत्र उपकरणं समजा आणि पॅरेंटच्या ड्रायव्हरसाठी थांबू नका. मेमरी-मॅप्ड उपकरणांना, म्हणजे एसओसीच्या (प्रोसेसर असलेल्या मुख्य चिपच्या) आत पत्त्यावर बसलेल्या ब्लॉकना, ते लागू पडतं. आय-टू-सीवरच्या चिपच्या नोडमध्ये हा शब्द टाकून कर्नलमधली ती सर्वसाधारण यंत्रणा जागी होत नाही. तिथे पॅरेंटला ड्रायव्हर लागतोच. फक्त रेगमॅप उभा करायचा आणि मुलं जन्माला घालायची एवढंच काम असेल तर त्यासाठी एक तयार छोटा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, पण त्याच्या यादीत तुमच्या चिपचं नाव घालावं लागतं.

एसओसीच्या आतसुद्धा हा शब्द सरसकट वापरायचा नाही. मुलांना काम करण्याआधी पॅरेंटने क्लॉक सुरू करायला हवा असेल, रिसेट सोडायला हवा असेल, किंवा रजिस्टर वाचून कुठली मुलं प्रत्यक्षात आहेत हे ठरवायचं असेल, तर ‘सिंपल-एमएफडी’ चुकीचं. मुलं आईच्या आधी उठतील, बंद क्लॉकच्या ब्लॉकला हात लावतील आणि बस तिथेच अडकून बोर्ड गोठेल.

आणि ‘सिसकॉन’?

एसओसीमध्ये काही रजिस्टरांचे पट्टे असे असतात की त्यांचा एक मालक सांगता येत नाही. रॉकचिपच्या आरके३३९९मध्ये जीआरएफ नावाचा असा मोठा पट्टा आहे. यूएसबीच्या पीएचवायचे (तारेवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या भागाचे) बिट त्यात, आयओ पिनांच्या व्होल्टेजचे बिट त्यात, इथरनेटच्या जोडणीचे बिटही त्यातच. ‘सिसकॉन’ लिहिलं की कर्नल त्या पट्ट्यावर एक सामायिक रेगमॅप उभा करतो आणि ज्याला लागेल तो ड्रायव्हर तो मागून घेतो. इथरनेटचा नोड जीआरएफच्या आत नाही. तो बाहेर आपल्या जागी आहे आणि फँडलने (दुसऱ्या नोडचा संदर्भ देणाऱ्या क्रमांकाने) जीआरएफकडे बोट दाखवतो. यूएसबीचा पीएचवाय मात्र आत आहे, कारण त्याची रजिस्टरं त्या पट्ट्यातच आहेत. आत कोण आणि बाहेर कोण, याचा इतका स्पष्ट नमुना दुसरीकडे क्वचित मिळतो.

रेगमॅपच का लागतो, तर कुलुपासाठी. एका ड्रायव्हरने रजिस्टर वाचलं, आपला बिट बदलला आणि परत लिहिलं, पण तेवढ्यात दुसऱ्यानेही तेच केलं, तर एकाचा बदल पुसला जातो. रेगमॅपचं कुलूप हे टाळतं. (जीआरएफमध्ये रॉकचिपने हार्डवेअरमध्येच तोड काढली आहे: रजिस्टरचे वरचे १६ बिट ‘खालचा कुठला बिट बदलायचा’ हे सांगतात, त्यामुळे आधी वाचायची गरजच उरत नाही. मला ही रचना फार आवडते.)

‘सिसकॉन’ एकटं लिहू नका. त्याच्या आधी त्या ब्लॉकचं नेमकं नाव हवंच. आरके३३९९मध्ये क्रम असा आहे: आधी जीआरएफचं स्वतःचं नाव, मग सिसकॉन, मग सिंपल-एमएफडी.

कम्पॅटिबलमध्ये नेमकं नाव लिहायचा एवढा आग्रह का? दोन चिप अगदी सारख्या असतील तर?

कारण चिपची खोड नंतर कळते. आरके८०८चंच घ्या. तिच्या आरटीसीच्या हिशेबात नोव्हेंबर महिना ३१ दिवसांचा आहे! खरोखर. चिपच्या पोटातच तसं कोरलेलं आहे आणि ते बदलता येत नाही. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये म्हणून तारखांचं भाषांतर करणारा कोड आहे. १ जानेवारी २०१६ या दिवशी दोन्ही कॅलेंडरं जुळलेली होती असं धरायचं, आणि पुढे प्रत्येक नोव्हेंबरला एक दिवसाचा फरक हिशेबात घ्यायचा.

ही गोष्ट कळली तेव्हा जगभर या चिपचे बोर्ड आधीच चालू होते. ट्रीमध्ये चिपचं खरं नाव होतं, म्हणून नुसता ड्रायव्हर सुधारून भागलं. तिथे ‘रॉकचिपची कुठलीतरी पॉवर चिप’ असं मोघम लिहिलेलं असतं, तर कुठल्या बोर्डवर नोव्हेंबर ३० दिवसांचा आणि कुठे ३१चा, हे ओळखणार कसं?

दोन चिप सारख्या असतील तर दोन नावं लिहा: आधी आपली नेमकी, मग जिच्यासारखी आहे ती. आज ड्रायव्हर दुसऱ्या नावावर चालेल, उद्या खोड सापडली तर पहिलं नाव उपयोगी पडेल. चिपच्या नावात शेवटी फुली घालून पूर्ण मालिका कवेत घेऊ नका. त्याच मालिकेत पुढे वेगळीच चिप येते आणि मग नाव खोटं ठरतं.

बाइंडिंगची वायएएमएल फाइल कुठे आणि कशी लिहायची?

पॅरेंटची फाइल बाइंडिंगच्या ‘एमएफडी’ फोल्डरमध्ये. मुलांचं वर्णन थोडक्यातलं असेल तर त्याच फाइलमध्ये, मोठं असेल तर त्यांच्या-त्यांच्या फोल्डरमध्ये वेगळी फाइल आणि पॅरेंटमधून तिचा संदर्भ. उदाहरण मात्र एकच आणि पूर्ण, पॅरेंटच्या फाइलमध्ये. प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये अर्धवट उदाहरण दिलं की तपासणीत ते अडतं आणि वाचणाऱ्यालाही चित्र दिसत नाही.

‘डीटी बाइंडिंग चेक’ आणि ‘डीटीबीज चेक’ ही दोन्ही मेक टार्गेट चालवल्याशिवाय पॅच पाठवू नका. कम्पाइलर प्रॉपर्टीच्या नावातली स्पेलिंगची चूक पकडत नाही. त्याच्या लेखी ती फक्त एक अनोळखी प्रॉपर्टी. ‘इंटरप्ट-नेम्स’ऐवजी ‘इंटरप्ट्स-नेम्स’ लिहिलं तरी डीटीबी बिनतक्रार तयार होते. स्कीमाची तपासणी ते पकडते, तेही बाइंडिंगमध्ये ‘यादीबाहेरचं काही चालणार नाही’ असं तुम्ही लिहिलं असेल तरच. बाइंडिंगचा पॅच वेगळा आणि ड्रायव्हरच्या पॅचच्या आधी. मालिकेत चार सबसिस्टिमचे पॅच असले तर प्रत्येक मेंटेनरला पूर्ण मालिका पाठवा, नाहीतर त्याला आपला तुकडा कशाला जोडायचा तेच कळत नाही.

नोड लिहिला, बूट झालं, पण पोट-उपकरण दिसत नाही. कुठून शोधू?

वरून खाली या. आधी ‘/प्रॉक/डिव्हाइस-ट्री’मध्ये तुमचा नोड खरंच आहे का ते पाहा. कित्येकदा बूटलोडरने जुनीच डीटीबी उचललेली असते. मग ‘/सिस/बस/आयटूसी/डिव्हायसेस’मध्ये चिप आहे का, आणि तिच्या फोल्डरमध्ये ‘ड्रायव्हर’ नावाची लिंक आहे का? लिंक नसेल तर पॅरेंटच प्रोब झालेला नाही, मुलांचा विचार नंतर. डीबगएफएसमधली ‘डिव्हायसेस-डिफर्ड’ फाइल उघडा, कोण कुणासाठी अडलंय ते तिथे दिसतं.

पॅरेंट ठीक आहे, प्लॅटफॉर्म डिव्हाइसही बनलंय, पण ड्रायव्हर मॉड्यूल असून लोड होत नाही, असाही एक प्रकार आहे. चाइल्डला नोड जोडला गेला की कर्नल मॉड्यूल शोधण्यासाठी कम्पॅटिबलवरून बनवलेलं नाव पुकारतो. ड्रायव्हरमध्ये फक्त जुन्या पद्धतीचं प्लॅटफॉर्मचं नाव असेल तर ती हाक कुणालाच ऐकू जात नाही. हाताने मॉड्यूल घातलं की चालतं, म्हणून हा दोष बरेच दिवस लपून राहतो.

आय-टू-सीवर पत्ते चाचपणारी कमांड वीजपुरवठ्याच्या चिपवर सहज म्हणून चालवू नका. तिथे चुकून झालेलं लेखन म्हणजे बोर्डचा पुरवठा हलवणं.

एक्स८६वर हे सगळं कसं चालतं?

तिथे सहसा एसीपीआयची टेबलं (फर्मवेअरने दिलेली हार्डवेअरची माहिती) असतात आणि चिप त्यातल्या ओळख-क्रमांकाने जुळते. एमएफडीचा गाभा आणि सेलची यादी तीच, फक्त जुळणीची किल्ली वेगळी. एसीपीआयमध्ये डिव्हाइस ट्रीचं कम्पॅटिबल वापरायचीही एक सोय आहे, पण ती वेगळा विषय आहे.

ट्रीमधल्या चुकीने हार्डवेअर खराब होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि वीजपुरवठ्याची चिप लिहिताना हे क्षणभरही विसरू नये.

सौम्य प्रकार आधी सांगतो. एका नव्या बोर्डवर लॉगिन यायचं, कमांड चालायच्या, आणि थोड्या वेळात कन्सोल मधल्या अक्षरावरच थिजायचं. दर वेळी साधारण अर्ध्या मिनिटाने. मेमरीच्या पुरवठ्याला नोड होता, मर्यादा बरोबर होत्या, पण ‘रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन’ ही एक ओळ राहिली होती. बूटनंतर ३० सेकंदांनी कर्नल कुणी न मागितलेले रेग्युलेटर बंद करतो. मेमरी कुणी ‘मागत’ नाही, कारण तिचा ड्रायव्हरच नसतो. कर्नलने स्वतःच्या पायाखालची फळी काढून घेतली होती. हे नशिबाने निरुपद्रवी होतं, ओळ टाकली की संपलं.

गंभीर प्रकार बीगलबोनच्या मूळ फाइलमध्येच लिहिलेला आहे. तिथे टीपीएस६५२१७च्या नोडमध्ये ‘पीएमआयसी-शटडाउन-कंट्रोलर’ अशी एक प्रॉपर्टी आहे. तिच्यामुळे बंद होताना चिप झोपेच्या अवस्थेत न जाता पूर्ण बंद होते. झोपेच्या अवस्थेत फक्त आरटीसी जागं राहतं. ऐकायला बरं वाटतं, पण बहुतेक बीगलबोन बोर्डांची रचना त्यासाठी नाही, आणि ती अवस्था वापरली तर हार्डवेअरला धोका आहे. प्रॉपर्टीच्या वर ही ताकीद टिप्पणी म्हणून दिलेली आहे. ती ओळ काढायचीच असेल तर बोर्ड बंद केल्यावर विद्युतप्रवाह मोजून पाहा, तो १ मिलीअँपिअरपेक्षा कमी असला पाहिजे, असंही तिथेच सांगितलं आहे. तुमच्या बोर्डाची फाइल या फाइलवरून उतरवली असेल तर ती ओळ तुमच्याकडे आली आहे का ते आजच उघडून बघा, आणि पहिल्या नमुन्याच्या बोर्डवर ‘पॉवरऑफ’ दिल्यानंतर अँमीटर लावून आकडा वहीत लिहून ठेवा.